पहिल्या रँकिंग पॉइंटसाठी निघताना: नवख्या टेनिसपटूंनी पहिली तीन वर्षं कशी आखावीत

अठरा वर्षांखालच्या गटात राज्यात किंवा देशात नाव झालं, बारावीची परीक्षा संपली आणि पुढची दोन-तीन वर्षं पूर्णवेळ टेनिस खेळायचं असं घरात ठरतंय, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. फोरहँड कसा सुधारावा हे तुमचे सर सांगतील. इथे बोलायचंय ते रँकिंग चार आकडी असतानाच्या काळाबद्दल. या काळात सामना बघायला बाजूच्या कोर्टवरचे दोन खेळाडू असतात आणि जिंकलेल्या आठवड्यातही पैसे खिशातूनच जातात. चांगली चांगली मुलं खेळात कमी पडली म्हणून नव्हे, तर पैसे आणि आठवडे चुकीच्या जागी संपले म्हणून याच टप्प्यावर थांबतात. आपला खेळ कुठवर जाऊ शकतो हे कळेपर्यंत तुमच्याकडे वेळ उरला पाहिजे. सगळी आखणी त्यासाठी करायची.

पायऱ्या आणि गुण

पुरुषांमध्ये सर्वांत खालची पायरी म्हणजे आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) वर्ल्ड टेनिस टूर. तिच्यात एम १५ आणि एम २५ या दोन प्रकारच्या स्पर्धा येतात. वर एटीपी या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या चॅलेंजर स्पर्धा (५०, ७५, १००, १२५ आणि १७५), त्याच्या वर एटीपी टूर आणि ग्रँड स्लॅम. महिलांसाठी आयटीएफच्याच डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५ आणि १०० अशा पाच पायऱ्या आहेत, मग महिला व्यावसायिकांच्या संघटनेच्या, डब्ल्यूटीएच्या, डब्ल्यूटीए १२५ आणि पुढे डब्ल्यूटीए टूर. या पायऱ्यांवर नावातला आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण.

आता पुरुषांचे तपशील नीट पाहा, कारण स्पर्धा निवडताना तेच लागतात. एम १५ मध्ये विजेत्याला १५, उपविजेत्याला ८, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ४, उपांत्यपूर्व फेरीत २ आणि पहिला सामना जिंकून दुसरा हरणाऱ्याला १ गुण. एम २५ मध्ये हेच आकडे २५, १६, ८, ३ आणि १. म्हणजे मेन ड्रॉची (मुख्य स्पर्धेची) एक फेरी जिंकल्याचा मोबदला दोन्हीकडे सारखाच, पण एम २५ मध्ये ती फेरी जिंकणं बरंच अवघड. नवखा खेळाडू ‘मोठी स्पर्धा खेळायला मिळतेय’ या आनंदात एम २५ च्या क्वालिफाइंगला, म्हणजे मेन ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेऱ्यांना, धावतो, दोन-तीन सामने जिंकून थकतो आणि मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरून शून्य गुणांनी परततो. त्याच आठवड्यात एम १५ च्या मेन ड्रॉमध्ये थेट जागा मिळत असेल, तर सुरुवातीला तीच घ्यावी. एम १५ मध्ये सातत्याने उपांत्य फेरी गाठू लागलात की वर सरका. त्याआधी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळतात. डब्ल्यूटीएच्या यादीत नाव येण्यासाठी तर किमान तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण १० गुण जमवावे लागतात. त्यामुळे मुलींनी पहिल्या एका गुणावर हुरळून जाऊन दोन महिने विश्रांती घेऊ नये.

निघण्याआधी अमेरिकन विद्यापीठांचा विचार करा

हा पर्याय कमी दर्जाचा आहे असा समज आपल्याकडे अजूनही भेटतो, आणि तो चुकीचा आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ मध्ये एनसीएए (अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा संघटना) एकेरीचा विजेता झाला आणि पुढे जागतिक क्रमवारीत ६२ व्या स्थानापर्यंत गेला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. शिष्यवृत्ती मिळाली तर चार वर्षं प्रशिक्षक, जिम, फिजिओ, दर्जेदार सामने आणि शेवटी पदवी, हे सगळं मिळतं. अठराव्या वर्षी शरीर अजून भरायचं असेल, तर ही चार वर्षं अजिबात वाया जात नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. शाळा संपल्यावर किती काळात प्रवेश घ्यायचा आणि त्याआधी बक्षिसाची किती रक्कम स्वीकारता येते, याला एनसीएएचे नियम आहेत आणि ते बदलत असतात. ‘एक वर्ष टूरवर खेळून बघू, नाही जमलं तर अमेरिकेला जाऊ’ असं ठरवणाऱ्यांनी ते वर्ष सुरू होण्याआधी चालू नियम वाचावेत आणि ज्या विद्यापीठात जायचंय तिथल्या कोचला लेखी विचारावं.

पैशांचा हिशेब

हा भाग आईवडील आणि मुलांनी एकत्र बसून वाचावा.

१५ हजार डॉलरच्या पुरुष स्पर्धेत, म्हणजे एम १५ मध्ये, एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात, उपविजेत्याला १,२७२, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२, उपांत्यपूर्व फेरीत ४३८, दुसऱ्या फेरीत २५८ आणि पहिल्या फेरीत १५६. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर पहिल्या फेरीतल्या पराभवाचे साधारण १३ हजार रुपये होतात आणि विजेतेपदाचे एक लाख ८३ हजारांच्या आसपास. यातून त्या देशाचा कर कापला जातो. समोर विमानाचं तिकीट, आठवडाभराचं हॉटेल, जेवण, स्ट्रिंगिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), व्हिसा आणि प्रवेश शुल्क मांडा. परदेशातला आठवडा अंगावर न येण्यासाठी बहुतेक वेळा अंतिम फेरीच्या जवळ पोहोचावं लागतं, आणि तसं दर आठवड्याला कुणाचंही होत नाही.

आयटीएफने २०१३ च्या हंगामाचा अभ्यास केला तेव्हा व्यावसायिक स्पर्धांत सुमारे १४ हजार खेळाडू होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना बक्षिसाची काहीच रक्कम मिळाली नव्हती. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही, मिळकत आणि खर्च बरोबरीत यायला पुरुषांना ३३६ व्या आणि महिलांना २५३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचावं लागत होतं. हे आकडे जुने आहेत, पण चार आकडी रँकिंगवर खेळणाऱ्यांचं चित्र आजही तसंच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलने पीटीआयच्या मुलाखतीत सांगितलं होतं की त्याच्या खात्यात ९०० युरो, म्हणजे साधारण ८० हजार रुपये उरलेत. तेव्हा तो एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, तो क्वालिफाइंगमधून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत गेला आणि ३१ वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला त्याने हरवलं. दुसऱ्या फेरीत पोहोचल्याचे त्याला एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये तो ६८ व्या क्रमांकावर होता. त्याच ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वालिफाइंगमध्ये पहिला सामना हरणाऱ्यालाही ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. एटीपीने २०२४ पासून सुरू केलेली किमान उत्पन्नाची हमीसुद्धा पहिल्या अडीचशे खेळाडूंपर्यंतच पोहोचते. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगचा कटही (प्रवेश मिळणारा शेवटचा क्रमांक) साधारण त्याच आसपास असतो. थोडक्यात, पैशाच्या दृष्टीने उंबरठा अडीचशेच्या आसपास आहे. त्याच्या अलीकडे तुमचं टेनिस ही गुंतवणूक आहे आणि ती किती वर्षं चालवता येईल याचं उत्तर पहिल्या प्रवासाआधी कागदावर हवं.

मी पालकांना सांगतो ती पद्धत अशी. तीन वर्षांसाठी एकूण किती रक्कम काढता येईल ते ठरवा. राहतं घर गहाण टाकून किंवा धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचे पैसे मोडून ती उभी करू नका, कारण तसं ओझं डोक्यावर असलेलं मूल ४-४ वर मोकळेपणाने सर्व्हिस करू शकत नाही. त्या रकमेचे तीन सारखे भाग करू नका. पहिल्या वर्षी कमी खर्च करा, घराजवळ खेळा आणि रँकिंग मिळाल्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी जास्त ठेवा. मेन ड्रॉमध्ये थेट प्रवेश मिळू लागला की त्याच पैशात जास्त सामने मिळतात. आणि कंपनीकडे किंवा एखाद्या ट्रस्टकडे मदत मागायला जाताना फक्त चषकांचे फोटो नेऊ नका. वर्षाचं वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, आधीच्या खर्चाच्या पावत्या आणि रँकिंगचा आलेख, अशी चार पानांची फाइल न्या.

नोंदणी आणि कागद

आयटीएफच्या संकेतस्थळावर आयपिन (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) काढा. त्याचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं. टेनिस इंटिग्रिटीचं (सट्टा आणि फिक्सिंगविरोधी) ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करा. एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) नोंदणी चालू ठेवा. व्यावसायिक स्पर्धांसाठी किमान वय १४ आहे आणि अठरा वर्षांखालच्या मुलींना वर्षाला किती स्पर्धा खेळता येतील यावर वयानुसार मर्यादा आहे. पासपोर्टची मुदत आणि कोरी पानं तपासा. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे युरोपचे आठवडे मोजूनच वापरावे लागतात.

आठवडे निवडणं

प्रत्येक स्पर्धेची फॅक्टशीट आयटीएफच्या कॅलेंडरवर असते. कोर्टचा पृष्ठभाग, चेंडू, हॉटेल, जवळचा विमानतळ, साइन-इनची वेळ, स्ट्रिंगिंगचा दर, सगळं तिथे दिलेलं असतं. ती वाचायची सवय खेळाडूने स्वतः लावून घ्यावी, हे काम वडिलांवर सोडू नये.

आयटीएफ स्पर्धेची प्रवेशाची मुदत त्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी संपते. वेळ ग्रिनिचच्या दुपारी दोनची, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. नाव मागे घेण्याची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळी. एकाच आठवड्यातल्या अनेक स्पर्धांना प्राधान्यक्रम लावून नाव देता येतं. याद्या लागल्या की आपण मेन ड्रॉमध्ये आहोत, क्वालिफाइंगमध्ये आहोत की ऑल्टरनेटमध्ये (प्रतीक्षा यादीत), हे बघून मंगळवारच्या आत निर्णय घ्यायचा. मुदतीनंतर नाव काढलं तर दंड होऊ शकतो. मोबाइलमध्ये गुरुवारचा आणि मंगळवारचा कायमचा गजर लावून ठेवा.

याद्या प्रामुख्याने एटीपी किंवा डब्ल्यूटीए रँकिंगवर लागतात. ते नसलेल्यांना आयटीएफची स्वतंत्र क्रमवारी उपयोगी पडते, आणि त्याखाली राष्ट्रीय क्रमवारी. म्हणून एआयटीएच्या बक्षीस रकमेच्या स्पर्धा आणि दिल्लीतली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सोडू नका. जागतिक ज्युनियर क्रमवारीत वर असलेल्यांसाठी आयटीएफ काही जागा राखून ठेवते, त्यामुळे ज्युनियर गटाचं शेवटचं वर्ष गंभीरपणे खेळलेलं वाया जात नाही.

पहिल्या वर्षी शक्य तेवढं भारतात खेळा. महाराष्ट्राला हे भाग्य आहे. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेमुळे पुण्यात डेक्कन जिमखाना, शिवाय सोलापूर आणि नवी मुंबई इथे आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. बालेवाडीत चॅलेंजर आणि मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर (सीसीआय) डब्ल्यूटीए १२५ सुद्धा झाली आहे. वाइल्ड कार्ड (रँकिंग पुरेसं नसतानाही आयोजकांनी दिलेली जागा) साधारण इथेच मिळतं आणि ते देताना संघटना राज्य स्पर्धांतली तुमची हजेरी आणि वागणूक बघते. वाइल्ड कार्ड मिळालं नाही तरी अशा आठवड्यात कोर्टवर हजर राहा. चॅलेंजरला आलेल्या खेळाडूला सरावाला जोडीदार हवा असतो. दोनशेच्या आतल्या खेळाडूसोबत तासभर चेंडू मारला की आपल्याला नेमकं काय येत नाही ते लगेच कळतं.

परदेशात जायचं तर एका स्पर्धेसाठी जाऊ नका. ट्युनिशियातलं मोनास्टिर, इजिप्तमधलं शर्म अल-शेख, तुर्कस्तानातलं अंताल्या, ही ठिकाणं या पातळीवरच्या प्रत्येक खेळाडूला तोंडपाठ असतात. तिथे एकाच रिसॉर्टमध्ये लागोपाठ कित्येक आठवडे स्पर्धा चालतात. मंगळवारी हरलात तरी तिथेच राहून सराव करता येतो, पुढच्या आठवड्याला नवी संधी असते आणि विमानाचा खर्च तीन-चार स्पर्धांत विभागला जातो. अधिकृत हॉटेलमध्ये राहण्याच्या अटी फॅक्टशीटमध्ये आधी वाचा. तोटाही सांगतो. रोज तेच चेहरे, तेच जेवण, तोच कोर्ट. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन आंबतं आणि पाय जड होतात. सलग तीन आठवडे खेळा, मग घरी येऊन दोन आठवडे नुसतं प्रशिक्षण घ्या. हरल्याच्या रागात परतीचं तिकीट पुढे ढकलून चौथा, पाचवा आठवडा खेळणाऱ्यांचा खेळ उतरत जाताना मी पाहिला आहे.

प्रशिक्षक प्रत्येक दौऱ्यावर नेणं परवडत नाही. तीन-चार खेळाडूंनी मिळून एक प्रशिक्षक न्यावा. तो एकाच अकादमीचा असेल तर उत्तमच. बाकीच्या दौऱ्यांत सामन्याचा व्हिडिओ काढून सरांना पाठवा आणि त्यावर फोनवर बोला.

स्पर्धेच्या ठिकाणी

क्वालिफाइंग बहुधा रविवार-सोमवारी असतं आणि निर्णायक सेटऐवजी दहा गुणांचा मॅच टायब्रेक (आधी दहा गुण करणारा, दोनच्या फरकाने, जिंकतो) खेळतात. वर्षभर तीन सेट खेळण्याचा सराव केलेला माणूस तिथे वीस मिनिटांत घरी जाऊ शकतो, म्हणून त्या टायब्रेकचा वेगळा सराव करा. बॉलबॉय बहुधा नसतात, चेंडू स्वतः उचलायचे. दोन गुणांमधला वेळ त्यात जातो, तेव्हा श्वास सावरायची पद्धत तशी बसवून घ्या.

स्ट्रिंगिंगचा खर्च बघता बघता वाढतो. तारांचं रीळ गटात मिळून आणा, जमलं तर गटात एकाने हलकं स्ट्रिंगिंग मशीन बाळगावं. सोलापूरच्या उन्हात आणि बंगळुरूच्या उंचीवर चेंडू वेगळा उडतो, तिथे तारांचा ताण किती ठेवला होता ते वहीत लिहा. त्याच वहीत खर्च, झोप आणि सामन्याबद्दल दोन ओळी लिहा. खोली वाटून घेणारा जोडीदार वेळेवर झोपणारा निवडा. रॅकेट आपटल्याचा दंड पहिल्या फेरीच्या बक्षिसातून कापला गेला की हातात काय उरतं, ते वरच्या आकड्यांवरून काढून बघा.

दुहेरी खेळाच

जिथे एकेरी खेळाल तिथे दुहेरीलाही नाव द्या. थोडे जास्त पैसे मिळतात, एकेरीत लवकर हरलात तरी आठवडाभर सामने मिळतात, सर्व्हिस-रिटर्न आणि व्हॉली धारदार होतात. आयटीएफच्या दुहेरीत ४०-४० नंतर एकच निर्णायक गुण आणि तिसऱ्या सेटऐवजी मॅच टायब्रेक असतो, त्यामुळे शरीरावर ताण मर्यादित राहतो. अर्जुन कढे, श्रीराम बालाजी, युकी भांब्री यांनी पुढे दुहेरीतच कारकीर्द उभी केली. एक कायमचा जोडीदार शोधा आणि दोघांचं वेळापत्रक एकत्र आखा.

युरोपात रँकिंगबाहेरची कमाईही असते. जर्मनी, फ्रान्स, इटलीतले क्लब आपापल्या लीग सामन्यांसाठी बाहेरचे खेळाडू घेतात आणि सामन्यागणिक पैसे देतात. उन्हाळ्यात असे पाच-सहा सामने मिळाले तर युरोपचा दौरा बराच हलका होतो. ओळख लागते, म्हणून आधी जाऊन आलेल्या भारतीय खेळाडूंना विचारा आणि आपला खेळाचा बायोडेटा हिवाळ्यातच क्लबांना पाठवा.

सट्टा आणि औषधं

या पातळीवरच्या सामन्यांवरही जगभर सट्टा लागतो. कमी पैसे, कमी प्रेक्षक, म्हणून सामने फिक्स करणारे इथेच येतात. बेल्जियममधल्या न्यायालयाने २०२३ मध्ये अशा जाळ्याच्या सूत्रधाराला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्या जाळ्यात अडकलेले बहुतेक खेळाडू खालच्या रँकिंगचेच होते. सुरुवात मैत्रीने होते. ‘फक्त दुसऱ्या सेटमधला एक गेम दे’, ‘फक्त तुझ्या जोडीदाराचा खांदा कसा आहे ते सांग’. टेनिसवर स्वतः पैसे लावणं, आतली माहिती विकणं आणि कुणी विचारणा केली हे इंटरनॅशनल टेनिस इंटिग्रिटी एजन्सीला न कळवणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. नकार देऊन गप्प बसलात तरी कारवाई होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी कळवा. हरल्यावर सट्टेबाजांच्या शिव्या आणि धमक्या सोशल मीडियावर येतात. मुलींना त्या फार घाणेरड्या भाषेत येतात. अनोळखी संदेश बंद ठेवा, स्क्रीनशॉट काढून स्पर्धेच्या सुपरवायझरला दाखवा आणि घरच्यांपासून लपवू नका.

सर्दीचं औषध असो, प्रोटीन पावडर असो किंवा गावाकडच्या वैद्यांचं चूर्ण, बंदी असलेल्या औषधांच्या यादीत तपासल्याशिवाय काहीही घेऊ नका. नकळत पोटात गेलं तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

थांबण्याचा निकष आधी लिहून ठेवा

हे बोलणं जड जातं, तरी पहिल्या दौऱ्याआधीच करा. निकष रँकिंगच्या एका आकड्यावर ठेवू नका, दुखापतीत सहा महिने गेले तर तो आकडा अन्यायकारक ठरतो. मी असे प्रश्न सुचवतो: पूर्ण खेळलेल्या तिसऱ्या हंगामात एम १५ किंवा डब्ल्यू १५ च्या उपांत्य फेऱ्या नियमित गाठल्या का? आपल्यापेक्षा दोनशे क्रमांकांनी वर असलेल्यांना हरवलं का? सराव अजून आवडतो का? तिन्हींना ‘हो’ असेल तर पैसे उभे करण्यासाठी आणखी धडपड करणं योग्य आहे. दोनांना ‘नाही’ असेल तर दुहेरी, विद्यापीठ किंवा प्रशिक्षण यांकडे वळण्याबद्दल सर, आईवडील आणि खेळाडू यांनी एकत्र बसावं, आणि शेवटचा शब्द खेळाडूचा असावा.

तोवर शिक्षण चालू ठेवा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते, फक्त परीक्षांच्या तारखा वेळापत्रकात आधी टाका. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठल्या स्पर्धेची कुठली कामगिरी धरतात ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा आणि प्रमाणपत्रांची पडताळणी लगेच करून घ्या, कारण पाच वर्षांनी आयोजकांकडून कागद मिळवताना फार हाल होतात. प्रशिक्षकाचा किंवा पंचाचा पहिला अभ्यासक्रम डिसेंबरच्या मोकळ्या आठवड्यांत करून टाका. सुट्टीत लहान मुलांच्या बॅचला शिकवून मिळालेल्या पैशांतून पुढच्या दौऱ्याच्या स्ट्रिंग्जचा खर्च निघतो.